वीस डाय

बार्सिलोनाहून आलेल्या पाकिटावरचा सरकारी शिक्का बघून संयोगितानं ते तडक मालकापुढं नेऊन ठेवलं. मृत्युंजयच्या चप्पल कारखान्याचा पत्रव्यवहार तीच बघायची. पट्ट्यांचा रंग पायाला लागतो म्हणून तिथल्या दुकानदारानं दोनच महिन्यांपूर्वी इंग्रजीत खरमरीत पत्र लिहिलं होतं. परदेशी गिऱ्हाईक तेवढं एकच, आणि तीस कारागिरांची पोटं त्याच्यावर.

पत्र वाचायला बोलावलं कुणाला, तर मालकाच्या मेहुण्यांना. शिवप्रसाद सर, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. पत्र होतं कॅटलान भाषेत. ती भाषा सरांनी जन्मात पाहिली नव्हती, पण एवढ्यातेवढ्यानं अडणारा माणूस तो नव्हे.

“हे बघ. जे, यू, टी, जी, ई. टीच्या जागी डी घाल. जज्ज झालं. म्हणजे परीक्षक. आणि पुढं वीसचा आकडा, मग डी, आय, ई, एस. वीस डाय. तुझे वीस नमुने निवडलेत त्यांनी.”

चामडं कापायच्या साच्याला कारखान्यात डायच म्हणत. मृत्युंजयला लगेच पटलं.

“आपण कुठल्या स्पर्धेत न्हवतोच की सर,” संयोगिता म्हणाली. “जज्ज कोर्टात पण असतोय. दुकानदाराला फॅक्स करून इचारूया.”

“तू टायपिंग कर बाई,” सर म्हणाले, आणि मृत्युंजय हसला. सरांच्या अडाणीपणापेक्षा तिला त्या हसण्याची जास्त किळस आली.

मग फेटे बांधून सरांचा सत्कार झाला. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून वीस नवे डाय करून आणले. संयोगितानं आणखी दोनदा विषय काढला; दोन्ही वेळा तिच्या हातात पेढा ठेवला गेला.

महिन्याभरानं दुसरं पाकीट आलं. या वेळी दुकानदारानं इंग्रजी भाषांतर जोडलं होतं. ते वीस डाय नव्हते, वीस दिवस होते. रंगाच्या तक्रारीवरून दुकानदारानंच लावलेल्या दाव्यात तेवढ्या दिवसांत कोर्टात म्हणणं मांडायचं होतं. मांडलं नाही म्हणून निकाल एकतर्फी, करार रद्द.

सरांनी चष्मा पुसला. “शब्द बरोबरच होता. जज्जच आहे. कुठला जज्ज, ते त्यांनी लिहायला पाहिजे होतं.”

मृत्युंजय संयोगितावर उखडला. “तुला कळलं हुतं, तर जोर लावून सांगायचं न्हाईस व्हय?”

“तीनदा सांगिटलं की. तुमी पेढं वाटत हुता.”

खाली शेडमध्ये नव्या डायवर काम जोरात चाललं होतं. त्या माणसांना थांबवायला दोघांपैकी एकही खुर्चीतून हलेना. शेवटी संयोगिताच जिना उतरली.