उनसठ दातांची साखळी

नवऱ्यानं जिन्यातून ओरडून सांगितलं, "मी बार बघायला मालवीय नगरला चाललोय," आणि समोरच्या दारातल्या सुधाजी माझ्याकडे इतकी कीव करून बघायला लागल्या की मला हसावं की रडावं कळेना. अहो, बार म्हणजे करवतीचं लांब पातं, ज्याच्या कडेनं साखळी फिरते. पण सकाळी साडेनऊला हे कुणाकुणाला समजावत बसू?

आमचे सर्जेराव म्हणजे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्याला परत जायचं सोडून इथंच, हिंदी मुलखात, जगतपुऱ्यात फ्लॅट घेतला आणि दोन वर्षं माझ्या स्वयंपाकघरात मुक्काम ठोकला. मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे हळदीच्या जागी जिरं गेलं. या मे महिन्यात वादळात सोसायटीचा कडुनिंब पडला आणि देव मला पावला. ह्यांनी बुंधा मागून घेतला, पेट्रोलची करवत आणली आणि मोर कोरायला काढला.

पहिला मोर एका ओंडक्यावर करून बघितला. अख्ख्या सोसायटीनं बदकाची तारीफ केली. दोष हातांचा नव्हता म्हणे, पात्याचा होता. साध्या पात्याचं टोक रुंद. त्यानं चोच कोरायला जावं तर मान जाते, वर टोक लाकडात अडकलं की करवत उलटी अंगावर उसळते. कोरीवकामाला टोक रुपयाच्या नाण्याएवढं हवं, साखळी बारीक दातांची हवी आणि तिला फिरवणारं दातेरी चाक, म्हणजे गरारी, तीही त्याच मापाची हवी. तिघांचं जमलं तरच करवत चालते. लग्नाची पत्रिका जुळवताना ह्यांनी एवढा विचार केला नव्हता.

कमिटीनं मात्र बजावलं होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत बुंध्यात मोर दिसला तर ठीक, नाहीतर सोमवारी बुंधा लाकूडवाल्याकडे जाणार. हे त्या रात्री जेवले नाहीत. आणि खरं सांगते, मलाही घास गेला नाही. डब्यांचं सोडा, दोन वर्षांत पहिल्यांदाच मी ह्यांना अंगणात शीळ घालताना ऐकलं होतं.

तर पातं मिळालं, गरारी मिळाली. साखळी दुकानात नव्हती. ती ऑनलाइन मागवायची, पण पातं शोकेसमधलं, त्यावरचा छापील आकडा पार उडालेला. साखळीला दात किती लागतील हे दुकानदार यादीत बघून फोनवर सांगणार होता. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला, म्हणाले, तूच विचार, तुझं हिंदी चांगलं. दुकानदार म्हणाला, "उनसठ." मी म्हटलं, हो जी, आणि कागदावर ठसठशीत लिहिलं, ६९.

शुक्रवारी साखळी आली. पात्यावर चढवली तर सैल पायजम्यासारखी लोंबायला लागली. स्क्रू शेवटपर्यंत फिरवला, तरी लोंबतेच. ह्यांनी दात मोजले. एकोणसत्तर. कागद बघितला. एकोणसत्तर. मग माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "दुकानात चल."

स्कूटरवर मागं बसून मी मनातल्या मनात उजळणी करत होते. उनसठ. उन, सठ. साठाच्या अलीकडचं की पलीकडचं? बावीस वर्षं या गावात भाजीवाल्यांशी हिंदीत भांडून जिंकलेली बाई मी, आणि या उनसठ, उनहत्तरच्या भानगडीत मला आजवर काही म्हणजे काही कळलेलं नाही. भाव ऐकला की मी आपली "बहुत महंगा है" म्हणायची. भागत होतं.

दुकानदार म्हणाला, साखळी लांब आलीय हे नशीब. लांब असली तर कापून जोडता येते, तोकडी आली असती तर फेकायचीच होती. मग त्यानं विचारलं, दात किती ठेवायचे? मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचण्यात गढलेले.

"साठ से एक कम," मी म्हटलं.

"हां जी, वही, उनसठ," तो म्हणाला आणि त्यानं दहा दात काढले.

साखळी चपखल बसली. दोन दिवस करवत घुमत होती आणि हे माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. मी चहा नेऊन ठेवायची आणि गुपचूप परत यायची. रविवारी कमिटी आली, सुधाजी सगळ्यांत पुढे. त्यांनी तुरा बघितला, डोळा बघितला, म्हणाल्या, "अरे, ये तो मोर है!" बुंधा राहिला. मला एवढा आनंद झाला की डोळे पुसायला पदर लागला.

संध्याकाळी हे मोराशेजारी बसले होते. मी जवळ जाऊन सरळ सांगून टाकलं, चुकलं माझं, पण एवढा राग धरू नका.

"राग कसला," हे खाली बघत म्हणाले. "माला, मलाही येत नाहीत ते आकडे. पलटणीत मी फिफ्टी-नाइन म्हणून वेळ मारून न्यायचो. म्हणून तर फोन तुझ्या हातात दिला. दुकानातही तूच निभावून नेलंस. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती."

बावीस वर्षं मी समजत होते ह्यांना येतं, हे समजत होते मला येतं. असा राग आला आणि असं हसू आलं, दोन्ही एकदमच. मग मी तिथंच पायरीवर बसकण मारली आणि दोघांनी एकपासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी उनतीसपर्यंत गेलो, पण त्याच्या पुढच्या उनतालीसला, म्हणजे आपल्या एकोणचाळीसला, हे अजूनही एकोणपन्नास म्हणतात.