बिनवाऱ्याची लाट

"यामिनी, जरा लाइट बंद कर ना."

विक्रांतने मान न वळवताच सांगितलं आणि यामिनी उठून भिंतीपाशी गेली. मीटिंगच्या खोलीतली बटणं तिला डोळे मिटूनही सापडायची. या ऑफिसात ती इंजिनिअर होती खरी, पण साहेबांचं प्रेझेंटेशन असलं की दिवे घालवायचे तिनेच, असा रिवाजच पडून गेला होता.

पडद्यावर निळा समुद्र उमटला. किनाऱ्यापासून आत, धक्क्याला कायमचं बांधलेलं एक जहाज. परदेशातून द्रवरूप गॅस घेऊन येणारी जहाजं त्याला खेटून उभी राहणार, गॅस त्यात ओतणार, आणि हे जहाज त्याचा पुन्हा वायू करून नळाने किनाऱ्यावर धाडणार. तरंगतं टर्मिनल. त्याचा अभ्यास झाला होता समुद्रापासून दूर इंदुरात, भंवरकुआंला, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावरच्या या ऑफिसात. आणि तो केला होता यामिनीने. एक अख्खा पावसाळा त्या किनाऱ्यावर राहून, डुगडुगत्या होडीत बसून, ओकाऱ्या काढत तिने समुद्र मोजला होता. पहिल्या स्लाइडवर नाव मात्र एकट्या विक्रांतचं.

नाव गेलं ते गेलं, वर या माणसाने तिचं एक प्रकरणच उडवलं होतं. वारा पडलेला असतानाही कुठल्या तरी दूरच्या वादळाची लांब, बुटकी लाट तिथे येऊन पोचते. डोळ्यांना ती दिसतही नाही, पण शेजारी-शेजारी बांधलेली जहाजं हळूहळू झुलायला लागतात आणि दोर तुटतात. अशा दिवशी गॅस उतरवायचा नाही, असं तिने स्पष्ट लिहिलं होतं. विक्रांत ते वाचून हसला होता.

"वारा नाही तर लाट कुठून येणार? यशवंतसागरला जाऊन बघ. हवा पडली की पाणी एकदम चुप्प. उगाच क्लायंटला डरवू नको यार."

सगळं ऑफिस तलावाकाठी सहली काढत वाढलेलं. सगळ्यांना ते लगेच पटलं, सगळे हसले.

त्याच दिवशी यामिनीने मनाशी ठरवलं, याची जिरवायची. आणि तीही चकार शब्द न काढता. गॅस कंपनीकडून कॅप्टन लक्ष्मण येणार होते, उभा जन्म जहाजावर काढलेले. ते पहिल्यांदा या लाटेचंच विचारतील, विक्रांत आपलं तलावाचं ज्ञान पाजळेल, आणि चारचौघांत त्याचं नाक कापलं जाईल. आपण नुसतं बघत बसायचं. पोळ्या लाटताना तिने हा प्रसंग मनात इतक्यांदा रंगवला होता, की आईने एकदा विचारलंच, "एकटीच कशाला गं हसतेस?"

पण सकाळी गाडीतून उतरल्या त्या एकट्या शशिकलाबाई. मुंबईच्या, प्रकल्पाच्या प्रमुख, पैशाच्या बाजूच्या जाणकार. कॅप्टन तापाने फणफणले होते.

"वारा पडलेला असेल त्या कुठल्याही दिवशी गॅस उतरवता येईल, मॅडम," विक्रांत आता सांगत होता. "बारा महिने. एक दिवस वाया जाणार नाही."

"छान," शशिकलाबाईंनी मान डोलावली. "मग पुढे जाऊ या."

मेला सुटला! यामिनीने कप बशीवर आपटला. कोणी विचारलंच नाही. आपण गप्प राहिलो तर हा बढती घेऊन मोकळा होईल, आणि एखाद्या शांत सकाळी तिथे दोर तुटेल. तुटलेला दोर चाबकासारखा फिरतो, जवळ उभ्या खलाशाचं काही उरत नाही, हे तिला होडीवाल्यांनीच सांगितलं होतं. आणि बोललो, तर हा गोड हसून म्हणणार, करेक्ट, ते आम्ही बघतोच आहोत. तेही गिळून टाकणार. रागाने तिची कानशिलं तापली.

"विक्रांतजी, एक विचारू?"

"विचार ना."

"वारा नसला की तिथला समुद्र शांतच असतो, हे आपण कुठे मोजलंय?"

शशिकलाबाईंनी उचललेलं पेन खाली ठेवलं.

"हां. कुठे मोजलंय?"

विक्रांतने स्लाइड पुढे नेली, मागे आणली, पुन्हा पुढे नेली. पडद्याच्या उजेडात त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

"बात ऐसी है मॅडम..." तो थांबला, आणि मग एकदम त्याला वाट सापडली. "खरं सांगू का, समुद्राचं सगळं काम यामिनीचं आहे. किनाऱ्यावर हीच होती. मोजमापं हिची, लिहिलंय हिने. मी नुसता सादर करतोय. काही राहून गेलं असेल तर ते हिच्याकडून."

वर्षभर तिने या शब्दांची वाट पाहिली होती. तेच शब्द, जसेच्या तसे. फक्त ते तिला खड्ड्यात ढकलताना त्याच्या तोंडून निघाले.

शशिकलाबाई वळल्या. "हे सगळं तुमचं?"

"हो," यामिनी उठली. "सगळं माझंच. आत्ता त्यांनी सांगितलं तसं. फक्त एक प्रकरण यात नाहीये, मॅडम. ते मी लिहिलं होतं, काढलं मी नाही. ते सांगते."

तिने विक्रांतच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि टेबलावर ठेवून दिला. तिला तो नकोच होता. फळ्यापाशी जाऊन तिने मार्करचं टोपण उघडलं.

"विक्रांतजी, जरा लाइट लावता का?"

तो भिंतीपाशी गेला, चाचपडला. पंखा बंद झाला.

"ते पंख्याचं," यामिनी म्हणाली. "त्याच्या शेजारचं."