लाल स्टिकर

कपबश्यांच्या कारखान्यात तपासणीला बसणाऱ्या बाईंना सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. केसाएवढा तडा दिसला तरी कपावर लाल स्टिकर बसलाच. पुढे फोडणारे दोघे हातोडा घेऊन तयार. स्टिकर दिसला की कपाचा चुरा, मग का आणि कशाला विचारायची पद्धतच नव्हती.

अशा बाईंच्या अंगावर काळेनिळे डाग उठू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर हव्यात, बाईंच्या निघाल्या नऊ हजार. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी घरच्याच प्लेटलेट्सना परक्या समजून खुणा लावताहेत, प्लीहेतल्या पेशी खूण दिसली की त्यांना गिळताहेत, आणि या सगळ्यांना आवरणाऱ्या पेशी ढिल्या पडल्या आहेत. म्हणून हा पहारा जरा सैल करणाऱ्या गोळ्या घ्यायच्या.

बाईंचं डोकंच फिरलं. तपासणाऱ्यालाच गप्प बसवायचं, हा कुठला न्याय? गोळ्या आठवडाभर तशाच पडून राहिल्या. डोक्यात रक्तस्राव झाला तर मी काय करू, म्हणून लेक रडली. बाई ढिम्म.

सोमवारी सुपरवायझर अर्ध्या दिवसाच्या रजेवर होता. बाईंनी नमुन्याचा कप समोर ठेवला आणि पहिलाच कप त्याच्याशी जुळेना. कान जरा वर. दुसऱ्याचाही तसाच. बाईंना चेवच चढला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहाशे कपांना स्टिकर लागले आणि फोडणाऱ्यांनी इमानेइतबारे सहाशेंचा चुरा केला.

सुपरवायझरने आल्याबरोबर तो नमुना उचलून उलटा केला. बुडाला लाल स्टिकर होता, शनिवारी बाईंनीच लावलेला; कप फोडायचा राहून टेबलावर नमुन्याच्या जागी पडला होता. वाकडा होता तो हाच एक कप.

बाईंनी फोडणाऱ्यांना विचारलं, एकदाही शंका आली नाही का?

“तुम्ही स्टिकर लावल्यावर आम्ही कशाला बघतोय, बाई?” त्यातला एकजण म्हणाला.

घरी आल्यावर बाईंनी चप्पलही न काढता लेकीकडे गोळी मागितली. सवयीने ती उजेडात धरून फिरवून पाहिली. कडेचा बारीकसा टवका उडालेला होता. लेकीनेही तो पाहिला.

“बदलून आणू का गं, आई?”

“असू दे,” बाई म्हणाल्या आणि गोळी गिळून टाकली.