यशोधनसाठी ठेवलेली हॉप्सची पुडी

मी हॉप. पुडीतला, जुना, वास मारणारा. नाव ऐकलं नसेल तर लाजायचं कारण नाही. बिअर कडू लागते ना, तो कडूपणा माझा. सातूच्या गोड पाण्यात मला उकळतात, मग ते पाणी कडू होतं आणि टिकतं. पिऊन पुढे माणसं काय करतात, त्याच्याशी माझा संबंध नाही.

शाळा मला नाही. सात वर्षं फ्रीजरमध्ये पडून जे कानावर आलं तेवढंच शिक्षण. तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

जन्म वॉशिंग्टन राज्यात, याकिमाच्या खोऱ्यात. तिथे आमचे वेल दोरीला धरून दोन मजले उंच चढतात. त्यांना हिरवी, कागदासारखी फुलं येतात आणि पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी असते. माझं जे काय आहे ते त्या भुकटीत. ऑगस्ट सरताना वेल कापले, मशीनने फुलं ओरबाडली, गरम हवेत वाळवली, दाबून पाकिटात भरली आणि आतली हवा काढून घेतली. हवा आमची वैरीण. ऊन आणि उष्णता त्याहून वाईट. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला विकत घेतलं चँडलरला, ॲरिझोनात, दोन पोरांनी. अनिल साताऱ्याचा, यशोधन नागपूरचा. दोघे एकत्र शिकले, एकाच चिपच्या कारखान्यात लागले, एकाच अपार्टमेंटमध्ये राहायचे. स्वयंपाकात खिचडी आणि अंडी, बाकी काही येत नव्हतं. पण बिअर घरी करायची हौस.

"अबे, पाकीट दातानं काय फाडतो? कैची घे ना," यशोधन म्हणाला.

"कैची तुझ्या बापानं आणलीये का या घरात?"

शेवटी दातानेच फाडलं. यशोधनने पहिल्यांदा नाक आत घातलं आणि डोळे मिटून उभा राहिला. "अन्या, संत्र्याची साल! काकाच्या वाडीतला वास आहे हा. नागपूर आलं बे या पुडीत."

तेव्हा माझा वास तसाच होता. खोटं सांगत नाही.

त्या दिवशी भांडं उतू गेलं, शेगडी चिकट झाली, एकमेकांना शिव्या घालत दोघांनी रात्रीपर्यंत पुसली. महिन्याने बिअर तयार झाली तेव्हा मात्र दोघे गप्प बसून प्यायले. चांगली झाली असणार. माणसं चांगलं खाताना पिताना गप्पच बसतात.

मी अर्ध्याहून जास्त उरलो होतो.

वर्षभरात कंपनीने माणसं काढली. त्यात यशोधन गेला. व्हिसाच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. अनिल रोज म्हणायचा, "होईल रे." झालं नाही. निघायच्या दिवशी यशोधनने माझं फाटकं पाकीट दुमडून एका झिपलॉकच्या पिशवीत घातलं आणि मार्करने वर लिहिलं, "य आल्यावर."

"उरलेला मी आलो की. तोवर हात नाही लावायचा."

"सहा महिन्यांत येशील तू."

पिशवीतली हवा काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी म्हातारा होणार हे त्याच दिवशी ठरलं.

सहा महिन्यांची सहा वर्षं झाली. अनिलने लग्न केलं, घर घेतलं. मी बर्फाच्या पेटीतून नव्या घरी आलो. शेजारी खोवलेला नारळ, मटार, पराठ्यांची पाकिटं. ती येतात आणि जातात, मी आपला तिथेच. त्याची बायको गिरिजा चांगली बाई, पण नाक तिखट.

"अनिल, हे काय आहे? मोज्यांचा वास येतोय. टाकू?"

"असू दे."

माणसांचा हा शब्द मी फार ऐकला. टाकवत नाही आणि वापरवतही नाही, तेव्हा म्हणतात असू दे.

आता जे सांगायचं ते सांगतो. फ्रीजच्या शेजारी ओटा, ओट्यावर अनिलचा फोन. सकाळी आठला तो चहा घेत असताना फोन थरथरायचा. इथली सकाळ, तिथली रात्र. सुरुवातीला तो उचलायचा. यशोधनची जीभ जड असायची. तेच तेच बोलायचा. साठ दिवस, कंपनी, अन्या तू बोलला असता बे तुझ्या मॅनेजरशी. अनिल "हो रे, हो रे" करायचा आणि घड्याळाकडे बघायचा.

मग उचलणं बंद झालं. फोन ओट्यावर गरगरायचा, अनिल चहाचा कप धरून त्याच्याकडे बघत उभा. थांबला की टाइप करायचा. गिरिजा विचारायची, "काय लिहिलंस?"

"मीटिंगमध्ये आहे म्हणून."

"स्वयंपाकघरात?"

एक दिवस फोन येणंच थांबलं. त्या दिवशी अनिलला हायसं वाटलं, हे मी फ्रीजरच्या दारातूनही ओळखलं. तो शीळ घालत होता.

यंदा एप्रिलमध्ये मेसेज आला. यशोधनला त्याची कंपनी दोन दिवसांसाठी इथून जवळच्या फिनिक्सला पाठवत होती, जूनमध्ये. "येऊ का घरी? अर्धा तास बसतो."

अनिलने तो मेसेज गिरिजाला तीनदा वाचून दाखवला. मग फ्रीजर उघडून मला बाहेर काढलं आणि नाक घातलं. तोंड वाकडं झालं त्याचं. संत्र्याची साल कुठली, जुन्या चीजचा वास.

"नवीन आण की," गिरिजा म्हणाली. "दुकान इथंच आहे."

"नाही. याचीच करणार. हे त्याच्यासाठी ठेवलंय."

"बिअर देणारेस की काहीतरी बोलणारेस त्याच्याशी?"

त्याने पिशवीची झिप लावली. मला कळलं. सॉरी म्हणायला जीभ उचलत नव्हती, म्हणून माणूस अठ्ठेचाळीस बाटल्या भरणार होता.

पण आधी वीणाकाकूंचं ऐका. अनिलची आई. मे महिन्यात साताऱ्याहून आल्या. चार दिवसांत त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. डाळी, मिरच्या, धने, सगळं अंगणात चादरीवर. उन्हाळा आला की साठवणीला ऊन दाखवायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. आणि चँडलरचं ऊन! त्यांना वाटलं, एवढं ऊन फुकट चाललंय आणि या पोरांना अक्कल नाही.

मी त्यांच्या हाती लागलो. पिशवीवरचं वाचलं, वास घेतला, कपाळाला आठ्या. "कुणासाठी तरी राखून ठेवलंय आणि हे असं कुबट? येणाऱ्याला कुबट कसं द्यायचं?"

चादरीवर मला पसरलं, पाखरं येऊ नयेत म्हणून वर पातळ ओढणी टाकली. किती मायेने केलं बाईने. आणि तो एकशेआठ डिग्री फॅरनहाइटचा दिवस मला सहा वर्षांपेक्षा जड गेला. माझी पिवळी भुकटी तांबूस झाली. पाकळ्या हात लावताच चुरा.

अनिल घरी आला आणि अंगणात थिजलाच.

"आई! हे काय केलंस? कुणी सांगितलं होतं?"

"अरे, ऊन दाखवलं."

"कशाला हात लावतेस? सहा वर्षं ठेवलं होतं मी! संपवलंस सगळं!"

काकू खाली बसून मला एक एक फूल करून पिशवीत भरू लागल्या. चुरासुद्धा तळहाताने गोळा केला. अनिल, तुला एक सांगतो. मला सहा वर्षं हवेत ठेवून तूच संपवलं होतंस. आईने फक्त शेवटचा दिवस घेतला.

संध्याकाळी त्याने फोनवर वाचलं. जुन्या हॉपचा वास परत येत नाही, पण कडूपणा थोडा उरतो. जास्त घालायचा, जास्त वेळ उकळायचा, घाण वास वाफेबरोबर उडतो. आधी चिमूटभर गरम पाण्यात टाकून चव बघायची. त्याने कपात पाणी ओतलं, मला टाकलं, वर बशी झाकली.

काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. रुसवा होता, पण न बघता राहवेना. "हा तर काढा झाला."

"काढा नाही आई. टेस्ट आहे."

त्यांनी कप उचलला, घोट घेतला. "कडू आहे. म्हणजे औषध आहे." आणि कप ठेवून निघून गेल्या. अनिलने तेवढ्यातसुद्धा माफी मागितली नाही. या माणसाला तो शब्द जडच.

बिअर केली. दुप्पट हॉप, दीड तास उकळी. एक मूठ सोडून मी सगळा भांड्यात गेलो. गॅरेजमध्ये उष्मा, म्हणून ते आंबायला ठेवलं पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात, काकूंच्या साड्यांच्या खाली.

"अनिल, ते कपाटात डब डब करतंय. जिवंत आहे का?"

"सरबत आहे, आई."

"मी साताऱ्याची आहे. दारू आंबल्याचा वास कळतो मला. सरबत म्हणे."

जूनमध्ये, एका शनिवारी दुपारी, यशोधन आला. मी ओट्यावर होतो. अनिलने मला मुद्दाम काढून ठेवलं होतं, नाव दिसेल असं. यशोधन बारीक झालेला, केस गेलेले. काकूंच्या पाया पडला. अनिलने मिठी मारली ती घाईत. लगेच फ्रीज उघडला, बाटली काढली, ओपनर लावला.

"थांब," यशोधन म्हणाला. "अन्या, मी नाही घेत आता."

"अरे, आपल्या हॉपची आहे! बघ, तुझं अक्षर. ठेवला होता तुझ्यासाठी."

"चौदा महिने झाले. एक घोट घेतला ना बे, तर परत पहिल्यापासून."

ओपनर तसाच राहिला. गिरिजाने मान खाली घातली. बाटलीवरून पाण्याचे थेंब ओट्यावर उतरत होते, कुणी पुसलं नाही.

यशोधनने मला उचललं. झिप उघडून नाक घातलं. मला लाज वाटली. पहिल्यांदा.

"संत्रं नाही राहिलं," तो म्हणाला.

तेव्हा काकू उठल्या. कुणाला न विचारता पातेल्यात पाणी ठेवलं, माझ्यातली अर्धी मूठ टाकली, गवती चहाची चार पाती, खडीसाखर. गाळून दोन कप दोघांच्या पुढे ठेवले. "हे प्या. यात काही आंबलेलं नाही."

यशोधनने घोट घेतला आणि हसला. "काकू, काय कडू आहे!"

अनिलने कप हातात धरून ठेवला होता. मग बोलला एकदाचा. "यश्या, तुझे फोन मी मुद्दाम उचलत नव्हतो."

"माहीत आहे."

"मीटिंग वगैरे काही नव्हती."

"तेही माहीत आहे." यशोधनने कप खाली ठेवला. "तू उचलला असता तरी मी प्यायलोच असतो, अन्या. तुझ्यामुळे नाही. पण उचलायचा होता बे."

अनिलने काढा संपवला, तोंड वाकडं न करता. यशोधनने अर्धा ठेवला. त्याची गाडी आली, तो गेला. दारात त्याने अनिलच्या पाठीवर हात ठेवला, पण उशिरा आणि थोडाच वेळ. ते पुन्हा मित्र झाले का? मला विचारू नका. मला माहीत नाही.

आता मी अर्धी मूठ उरलोय. अनिलने बाटल्या एक एक करून मोरीत ओतल्या, मग आईजवळ जाऊन बसला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. काकूंचा आवाज तेवढा आला, "ऊन नव्हतं दाखवायचं, हे आधी सांगायचं असतं रे."

गिरिजा पिशवी हातात घेऊन विचारत होती, "आता तरी टाकू?"

"असू दे," तो म्हणाला.

नाही रे बाबा. नको. मला फ्रीजरमध्ये परत ठेवू नकोस. "य आल्यावर" लिहिलं होतं, य येऊन गेला. माझ्यात राखण्यासारखं काही उरलं नाही. मला मिरचीच्या कुंडीत टाक, तिथे निदान कुजून कामी येईन.

सकाळचे आठ वाजलेत. तुझा चहा ओट्यावर निवतोय. माझ्या शेजारी फोन थरथरतोय, नाव मला इथून वाचता येतं, कारण तेवढं एकच अक्षर मला येतं, माझ्या पिशवीवरचं. तू दारात उभा आहेस.

बघत काय बसलास? उचल.