पाकिटावरची हळद

कलर प्रोफाइल म्हणजे काय, हे ठाऊक असलेला माणूस दोन हजार पाच साली अख्ख्या वसमतमध्ये एकच होता आणि तो मी होतो. ही गोष्ट मीच सगळ्यांना सांगत असे, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नव्हतं. नांदेडला तीन दिवसांचा कोर्स करून आलो होतो. कोर्सचं प्रमाणपत्र लॅमिनेशन करून माझ्या पत्रिका-पत्रकांच्या दुकानात काउंटरच्या मागं, गिऱ्हाइकाची पहिली नजर जाईल असं लावलं होतं. 'देविदास धर्मसिंग राठोड' हे नाव त्यावर ठळक होतं. वरचं निळं बोधचिन्ह मात्र छपाईत जांभळं झालेलं होतं. रंग बरोबर छापायला शिकवणाऱ्यांचंच ते काम, पण ते हातात घेऊन फोटो काढलेल्या बावीस जणांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

कोर्समध्ये सांगितलं ते तसं साधं होतं. प्रत्येक यंत्राची रंगाची एक खोड असते. एखादा पडदा लाल कमी दाखवतो, एखादं छपाईचं मशीन निळा जास्त ओढतं. ती खोड लिहून ठेवलेली छोटीशी फाइल म्हणजे प्रोफाइल. दोन्हीकडच्या खोडी खऱ्या लिहिलेल्या असल्या की सॉफ्टवेअर मधल्यामध्ये जुळवून घेतं आणि पडद्यावर दिसतो तसाच रंग कागदावर येतो. सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, आधी पडदा नीट करा, मग फाइलला हात लावा. मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. पुढं त्या वहीत लग्नपत्रिकांचे मजकूर लिहायला लागलो.

या विद्येचा वसमतला काही उपयोग नव्हता. माझ्या गिऱ्हाइकांना रंगाचे दोनच प्रकार माहीत होते, भडक आणि मळका. भडक चांगला, मळका वाईट. पत्रिकेतला गणपती कितीही लाल केला तरी मुलाचा मामा म्हणायचा, जरा उठू द्या. वाढदिवसाच्या पत्रकावर पुढाऱ्याचा चेहरा इतका उजळ लागायचा की त्याच्या बायकोनं त्याला ओळखू नये. मी सगळ्यांना प्रोफाइल समजावून सांगायचो. ते ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे की कधी मिळेल.

अशात फेब्रुवारीमध्ये हट्ट्याच्या कमलबाई आल्या. पंचेचाळिशीच्या, सातवी शिकलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. तिथल्या संघमित्रा महिला बचत गटाच्या त्या अध्यक्ष. गटातल्या अकरा जणी हळद शिजवायच्या, वाळवायच्या, दळून विकायच्या. आजवर वर्तमानपत्राच्या पुडीत विकली होती, आता हिंगोलीला बचत गटांचं मोठं प्रदर्शन होतं आणि त्यांना छापील पाकीट हवं होतं. गटानं दोन वर्षं साठवलेलं सगळं त्या पाकिटात घालायचं ठरलं होतं. त्यांनी पिशवीतून स्टीलची डबी काढून काउंटरवर ठेवली आणि झाकण उघडलं.

"भाऊ, पाकिटावर ह्योच रंग पाहिजे. जे वर दिसंल त्येच आत निघावं."

कोर्स केल्यापासून मी या एका वाक्याची वाट बघत होतो. कोणीतरी 'उठू द्या' न म्हणता 'बरोबर करा' म्हणत होतं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना बसवून अर्धा तास प्रोफाइलवर भाषण दिलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं काय असतं, हे त्या दिवशी त्या बाईंनी समोर बसून पाहिलं. भाषण संपल्यावर त्यांनी डबी उचलली, दारात गेल्या आणि मला म्हणाल्या की हिकडं उन्हात येऊन बघा, मंग खरा रंग कळंल. माझी आई पारुबाईसुद्धा असंच करते. कापड घेताना दुकानदाराचे दिवे कितीही असोत, ती ताग्याचं टोक धरून रस्त्यावर जाते. मी हसलो. पडदा उन्हात नेता येत नाही, म्हणालो, आता हे सगळं काम कॉम्प्युटर करतो.

पडद्याबद्दल सांगायला हवं. तो मी बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणला होता आणि त्यातला लाल थकलेला होता. त्याच्यावर कोणतीही नवरी आजारी दिसायची. आधी पडदा नीट करायचा, हे माझ्या वहीत होतं. पण त्याला लागणारं यंत्र माझ्याकडं नव्हतं आणि कबूल करायची सवयही नव्हती. मी कोर्समध्ये मिळालेल्या सीडीतून सगळ्यांत भारदस्त नावाची प्रोफाइल निवडली आणि पडद्याला जोडली. ती कोणत्या पडद्याची होती, देव जाणे. माझ्या पडद्याची नव्हती एवढं नक्की. मग हळदीचा फोटो काढला आणि उघडला. हळद हिरवट, मलूल दिसली. डबी पडद्याला टेकवून ठेवली आणि फाइलमध्ये थोडा थोडा लाल घालत गेलो. दोन तास घातले. शेवटी पडद्यावरची हळद आणि डबीतली हळद यांत तसूभर फरक उरला नाही. मी कमलबाईंकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू हळद मीच पिकवली होती.

त्यांनी पडदा पाहिला, डबी पाहिली, मान हलवली. मग हळूच विचारलं की सगळी पाकिटं छापायच्या आधी एखादं बघायला मिळेल का. पाकिटं ज्याच्याकडं छापायची होती त्या नांदेडच्या प्रेसवाल्यानंही फोनवर हेच विचारलं होतं, एक नमुना काढू का म्हणून. नमुना बघायचा म्हणजे चाळीस किलोमीटर जाऊन दिवस मोडायचा. शिवाय नमुना त्यांनी बघावा ज्यांना खात्री नसते. मी बोटानं भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं आणि म्हणालो, ताई, हे कशासाठी लावलंय? कमलबाईंनी प्रमाणपत्राकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. काहीतरी बोलणार होत्या, पण मी तेवढ्यात पुढचं भाषण सुरू केलं. "बरं," म्हणून त्या गेल्या.

प्रदर्शनाला सहा दिवस असताना पाच हजार पाकिटं जीपमधून आली. कमलबाईंना निरोप गेला, त्या पहिल्या एसटीनं आल्या. मी गठ्ठा उघडला आणि पुन्हा बंद करावासा वाटला. पाकीट केशरीच्याही पुढं जाऊन विटेकडं निघालं होतं. कमलबाई एक पाकीट घेऊन उन्हात गेल्या, डबीतली चिमूटभर हळद त्यावर ठेवली. ती बेसनासारखी दिसत होती.

मी बोलायला लागलो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण नांदेडला होतं ही सोय होती. प्रेसवाल्यानं फाइल उघडताना समोर आलेली प्रोफाइलची सूचना न वाचता बटण दाबलं असणार, त्यांची शाई तसली, कागद तसला, असं सगळं मी सांगितलं. कमलबाई ऐकत उभ्या होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि त्या घडी घडी पाकीट हातात उलटंपालटं करत होत्या. गटातल्या दहा जणींना हट्ट्याला जाऊन काय सांगायचं, हा विचार त्यांच्या तोंडावर सरळ वाचता येत होता. पाकीट उघडून आतली हळद बघणारा पहिला माणूस म्हणणार, भेसळ आहे. त्यांच्या खऱ्या हळदीला खोटं ठरवायची व्यवस्था मी पाच हजार प्रतींत केली होती.

तेवढ्यात समोरचे मसाल्याचे व्यापारी शेषराव शेठ बिलबुकं न्यायला आले. त्यांनी पाकीट हातात घेतलं आणि ते मनापासून खूश झाले. हळद अशीच दिसायला पाहिजे, म्हणाले. अडचण कळल्यावर तर त्यांना हसूच आलं.

"एवढंच व्हय? पाकीट तर बदलत न्हाई. हळद बदला. किलोमागं चिमूटभर रंग टाका, मी देतो. समदे टाकतेत."

हे ते बोलले त्याचं मला काही वाटत नाही. ते त्यांचं रोजचंच होतं. पुढचं वाक्य माझं होतं. मी म्हणालो, "ताई, पहिल्या खेपेपुरतं चालून जाईल." माझं प्रमाणपत्र भिंतीवर राहावं म्हणून मी अकरा बायांना हळदीत विष कालवायला सांगत होतो आणि आवाज तर किती समजूतदार होता. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

कमलबाईंनी शेठकडं पाहिलंही नाही. माझ्याकडं वळल्या.

"पाकीट हळदीवाणी करायचं व्हतं, भाऊ. तुमी हळद पाकिटावाणी कराया सांगून राहिले. लेकरं खातेत ही. कापलं तर ह्योच लावतेत. आता बराबर सांगा, चुकलं कुठं?"

शेठ बिलबुकं घेऊन निघून गेले. मग मी सांगितलं. प्रोफाइल, शाई, कागद सगळं बाजूला ठेवून सांगितलं की माझा पडदा लाल कमी दाखवतो, म्हणून हळद त्यावर हिरवी दिसली, म्हणून मी फाइलमध्ये लाल घातला. पडद्यावर ती बरोबर दिसली. प्रेसच्या मशीनला माझ्या पडद्याचा आजार नव्हता, त्यानं घातला तेवढा लाल छापला. प्रेसवाल्यानं काही चुकवलं नव्हतं.

त्यांनी डबीचं झाकण लावलं.

"म्हंजी आजारी तुमचा पडदा, अन् दवा माझ्या हळदीला?"

तीन दिवस, बावीस जण, जाडजूड पुस्तक. सरांना इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं.

गटाचे पैसे मी परत केले. तसं करताना मी फार उदार दिसलो नाही, कारण कमलबाई मोजून होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. पाकिटं माझ्या माळ्यावर गेली. आमच्या नावाचं एक बी बाहेर जाऊ नये, असं त्यांनी बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात किराणा दुकानात मिळतात तसल्या साध्या पारदर्शक पिशव्या होत्या. हळद आतून आपली आपण दिसत होती. तिला फोटो नको, फाइल नको, प्रोफाइल नको आणि तसं पाहिलं तर मीही नको होतो. फक्त वर चिकटवायला एक कागदाचा तुकडा हवा होता. गटाचं नाव, गाव, वजन.

"काळ्यात करा," त्या म्हणाल्या. "काळा तरी बराबर येईल ना?"

टोमणा असता तर मी परतवला असता. त्या खरंच विचारत होत्या.

माझ्या दुकानातल्या लेझर प्रिंटरवर निघणारं दहा मिनिटांचं काम. मी एक लेबल काढलं, ते पिशवीवर चिकटवलं आणि दुपारच्या एसटीनं हट्ट्याला गेलो. आयुष्यातला माझा पहिला नमुना मी काळ्या अक्षरांचा दाखवला. कमलबाईंनी तो वाळत घातलेल्या हळदीशेजारी उन्हात धरला आणि बाकीच्या बायांनाही बोलावलं. अकरा जणींनी काळा रंग काळाच असल्याची खात्री करून घेतली. मी चपला हातात घेऊन कडेला उभा होतो.

प्रदर्शनात लोक पिशवी उचलून आधी उजेडाकडं धरायचे, मग घ्यायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या स्टॉलवर फक्त टेबल उरलं. शेषराव शेठनी मात्र माझा रंग सोडला नाही. महिन्याभरात त्यांनी स्वतःच्या नावाची पाकिटं काढली आणि मला तीच फाइल मागितली. मी दिली नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं. दिली. पाकिटं आली तेव्हा त्यांची हळद त्यावर ठेवून पाहिली, काडीचाही फरक नाही. वर दिसेल तेच आत. सरांनी जे कधीच शंभर टक्के जमत नाही म्हणून सांगितलं होतं, ते शेठनी चिमटीनं साधलं होतं.

कमलबाई पुन्हा लेबलं करायला आल्या त्या एप्रिलमध्ये. माझ्या घरासाठी एक पिशवी आणली होती. लेबलं निघेपर्यंत त्या पहिल्या दिवसासारख्याच काउंटरसमोर बसल्या आणि भिंतीकडं पाहत म्हणाल्या, "भाऊ, त्यो कागद काढा आता."

मी विचारलं, का.

"त्याच्यावरचं चिन्ह निळं पाहिजे व्हतं. नांदेडला त्यांच्या पाटीवर निळंच हाय. ते जांभळं छापलंय. आमाला निळा कळतो. मी पयल्याच दिवशी बघितलं व्हतं."

मी मागं वळून पाहिलं. लख्ख जांभळं होतं.

"मग तेव्हाच काहून न्हाई बोललात?"

"बोलणारच व्हते," कमलबाई म्हणाल्या. "तुमी मला रंग समजावून सांगून राहिले व्हते."