एकही अक्षर न बदलता

मासिक ही समाजाची सदसद्विवेकबुद्धी असते आणि ती कोणाच्याही मालकीची नसते. 'गेमप्रबोधन' हे मासिक मात्र कारंजा लाडच्या रतनसिंग ठाकूर यांच्या मालकीचं होतं, आणि ते त्यांच्याच 'रतन टेलिकॉम अँड गेम्स' या दुकानात, काउंटरवर, मोबाईलच्या कव्हरांच्या टोपलीशेजारी ठेवलेलं असे.

व्हिडिओ गेमला वाहिलेलं विदर्भातलं एकमेव मराठी मासिक, असं त्याच्या मुखपृष्ठावर लिहिलेलं होतं. दुसरं कोणी हक्क सांगायला पुढे आलं नसल्यामुळे ते खरं असावं. खाली बोधवाक्य होतं : निर्भीड, निःपक्ष, निर्व्यसनी. तिसरा शब्द तिथे काय करतो हे कोणी विचारलं नाही, पहिल्या दोघांबद्दलही नाही. एकूण पानं चोवीस. अकरा पानांवर रतनसिंगांच्या दुकानाच्या जाहिराती, आठ पानांवर रतनसिंगांच्या दुकानात मिळणाऱ्या गेमची माहिती, एका पानावर राशिभविष्य, आणि उरलेल्या चार पानांवर प्रा. इंद्रभान बाजड यांचं परीक्षण.

बाजड सर ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत. वय त्रेपन्न, गाव केनवड, बिऱ्हाड कारंज्याला. त्यांची मुलगी संस्कृती शिकायला अमरावतीला गेली तेव्हा तिच्या खोलीत गेम खेळायचं मशीन मागे राहिलं. ते चालू आहे की बंद, एवढंच पाहावं म्हणून सरांनी बटण दाबलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पत्नीने, राखीताईंनी, जेवणाचं ताट त्याच खोलीत पाठवायला सुरुवात केली. सर एकेक गेम शेवटपर्यंत खेळत, मग वहीत टिपणं काढत आणि त्यावर असं परीक्षण लिहीत, की वाचणाऱ्याला वाटावं, हा प्रश्न बारावीला दहा मार्कांना येणार आहे.

कॉलेजातले सहकारी त्यांना चिडवत. दुकानदाराचं मासिक, दुकानदाराचा माल. तो त्याला वाईट म्हणू देईल काय? सर शांतपणे उत्तर देत की दोन वर्षांत माझा एक शब्द बदललेला दाखवा. आणि खरोखरच बदललेला नव्हता. त्या दोन वर्षांत आलेला प्रत्येक गेम सरांना आवडला होता, हा तपशील त्यांना सांगण्यासारखा वाटला नव्हता.

मग 'रणभैरव' आला.

कुठल्याशा नव्या कंपनीचा हा गेम. तिने रतनसिंगांना अख्ख्या जिल्ह्याची एजन्सी दिली आणि डब्यांनी भरलेला एक टेम्पोही पाठवला. सर तो गेम नऊ दिवस खेळले. त्यातला नायक तिसऱ्या किल्ल्यापाशी पोचला की जमिनीतून खाली पडे आणि पडतच राही. एकदा सरांनी चहा पिऊन येईपर्यंत वाट पाहिली, तो तेव्हाही पडतच होता. घोडा भिंतीत शिरला की फक्त शेपूट बाहेर राही आणि युद्ध त्या शेपटीवर चालू राही. खेळ जिथे थांबवला तिथून पुढे सुरू होत नसे. पण सरांना खरा धक्का बसला तो मराठीने. संवाद कुठल्यातरी यंत्राकडून करून घेतलेले होते. पहिल्याच वेशीवरचा पहारेकरी भाला रोखून म्हणे, "थांबा. कृपया मरा."

सरांनी परीक्षणात हे सगळं लिहिलं, एकही दोष न लपवता, पहारेकऱ्याच्या वाक्यासकट. शेवटी त्यांनी निकालाची एकच ओळ लिहिली : रणभैरव घेऊ नये.

अंक निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुकेशनीचा फोन आला. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. शिरपूर जैनला तिने नुकतंच तीन मशीनचं गेम सेंटर टाकलं होतं आणि अख्खं घर तिच्याकडे, ही काय करून राह्यली, अशा नजरेने बघत होतं. "सर, तुमी लिहिलं ते वाचलं अन् लगेच जाऊन 'रणभैरव' आणला," असं ती म्हणाली आणि गिऱ्हाईक आलं म्हणून तिने फोन ठेवला.

सर फोनकडे बघत राहिले. घेऊ नये असं लिहिलेला गेम पोरीने वाचल्याबरोबर आणला, याचा अर्थ लागेना. तो बसस्टँडवर लागला. तिथे पंधरा फुटी फ्लेक्स होता. डावीकडे 'रणभैरव'चा नायक, उजवीकडे सर. कॉलेजच्या सत्कारातला शाल पांघरलेला फोटो होता तो. दोघांच्या मधोमध लाल अक्षरांत लिहिलं होतं : रणभैरव घेऊन ये! — प्रा. इंद्रभान बाजड.

सरांना पहिला राग आला तो उद्गारचिन्हाचा. आपण नोकरीला लागल्यापासून उद्गारचिन्ह वापरलेलं नाही, हे त्यांना पक्कं आठवत होतं. दुसरा राग आला तो 'ये'चा, म्हणजे आपण सगळ्या वाशिम जिल्ह्याला अरेतुरे करतो आहोत याचा. तिसरा राग यायला वेळ लागला, कारण तो मोठा होता. सुकेशनीने घरच्यांशी भांडून उभ्या केलेल्या दुकानात, आपलं नाव वाचून, जमिनीतून खाली पडणारा माणूस विकत नेला होता.

ते तसेच दुकानात गेले. रतनसिंगांनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि अंक उघडून पुढे ठेवला. परीक्षण बारीक अक्षरांत पूर्णच्या पूर्ण छापलेलं होतं. दोष जिथल्या तिथे होते, पहारेकरीही जाग्यावर होता. फक्त शेवटची ओळ तेवढी फ्लेक्ससारखी.

"मोजा सर," रतनसिंग म्हणाले. "एक अक्षर कमी भरलं तं हे दुकान तुमच्या नावावर करतो."

सरांनी मोजलं, कारण मोजणं हा त्यांचा स्वभाव होता. घे, ऊ, न, ये. चारही त्यांचीच होती आणि त्यांनी लावलेल्या क्रमानेच उभी होती.

"म्या फक्त जागा सरकवली," रतनसिंग म्हणाले. "जागा काय तुमी लिहिली होती? जागा कागदाची असते, अन् कागद माहा."

सरांनी त्यांना विचारलं की याला काय म्हणायचं. रतनसिंगांनी याला ले-आउट म्हणतात असं सांगितलं. सर म्हणाले, मी याला खोटेपणा म्हणतो. मग त्यांनी सुकेशनीचं सांगितलं, की तिने माझ्या शब्दावर हा डबा नेला, आणि तो तुम्ही परत घ्यावा, आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. रतनसिंगांना त्यांच्याबद्दल खरंच वाईट वाटलेलं दिसलं. ते हलक्या आवाजात, घरच्या माणसाला समजावावं तसं बोलले.

"सर, मासिक माहं. दुकान माहं. माल माहा, अन् तो कंपनी परत घेत नाही. मंग मत तेवढं तुमचं कसं राहीन?"

यावर उत्तर नव्हतं असं नाही, पण ते दोन वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं. सहकाऱ्यांनी हेच, याच शब्दांत, स्टाफरूममध्ये सांगितलं होतं, आणि सरांनी त्यांना त्यांच्या मनाच्या कोतेपणाबद्दल एक छोटं व्याख्यान दिलं होतं. ते आठवून सरांचे कान तापले. रागाच्या भरात त्यांनी मासिकाचं शेवटचं पान उलटलं आणि तळाशी बारीक अक्षरांत जे छापलं होतं त्यावर बोट ठेवलं. मला संपादकांना भेटायचं आहे, ते म्हणाले.

संपादक म्हणून नाव होतं गोमतीबाई ठाकूर यांचं. रतनसिंग हसले. ती त्यांची आई. भेटा ना, मागच्या अंगणात बसून राह्यली, असं त्यांनी सांगितलं.

गोमतीबाई सूप घेऊन तुरीच्या डाळीतले खडे निवडत होत्या. वय ऐंशीच्या आतबाहेर. मास्तर आले म्हणून त्यांनी पदर सावरला आणि बसायला पाट दिला. सरांनी त्यांना मावशी म्हणून नमस्कार केला आणि संपादक या नात्याने त्यांच्याकडे तक्रार मांडली. गोमतीबाईंनी ती नीट ऐकून घेतली आणि संपादक म्हणजे कोण, असं विचारलं. तुम्हीच, सर म्हणाले. दोन वर्षांपासून.

"मले तं कोणी सांगतलंच नाही," गोमतीबाई म्हणाल्या. "एकदा कागदावर सही घेतली होती पोरानं. म्या म्हटलं, रेशनचं असन."

आपलं नाव दर महिन्याला छापून येतं याचा त्यांना आनंद झाला, आणि आजवर एकही अंक कोणी दाखवला नाही याचा राग आला. रागाने आनंदाला लवकरच मागे टाकलं. त्यांनी चष्मा मागवला, अंक मांडीवर घेतला आणि सरांनी दाखवलेल्या ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि अक्षराला अक्षर जोडून वाचत.

"घे. ऊ. न. ये." त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचून पाहिलं. मग चष्म्यावरून सरांकडे पाहत म्हणाल्या, "मंग घ्याव का नाही घ्याव?"

तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न इतका नेमका कोणी विचारलेला नव्हता. सर म्हणाले, मी नाही घ्यावं असं लिहिलं होतं. गोमतीबाईंनी तिथूनच हाक मारून रतनसिंगांना बोलावून घेतलं. गिऱ्हाईक सोडून ते आले आणि दाराशी उभे राहिले. पन्नाशीचे, जिल्ह्याचे एकमेव एजंट.

हे मास्तर नाही म्हणतात, तू काय छापलं, असं आईने विचारलं. रतनसिंग म्हणाले, "माय, त्यायचंच अक्षर हाये सारं."

"अन् नाव कोनाचं हाये खाली?"

रतनसिंगांनी शेवटच्या पानाच्या तळाकडे पाहिलं.

"लोक म्हनतीन, गोमतीनं फसवलं," त्या म्हणाल्या. "तुले कोन वयखते? तुह्या दुकानात ज्या बाया येतात त्या मले वयखतात." आणि त्यांनी सूप पुढे ओढलं, म्हणजे संपादकांचा निर्णय झाला होता.

पुढच्या अंकात शुद्धिपत्र आलं. मसुदा सरांनी स्वतः केला, आणि छापण्याआधी तीनदा, दुकानात उभं राहून, शब्दांमधली जागा तपासली. मागील अंकातील निकाल 'रणभैरव घेऊ नये' असा वाचावा. ज्यांनी गेम नेला असेल त्यांनी महिनाअखेरपर्यंत परत आणावा, कारण विचारलं जाणार नाही, असं त्यात होतं. खाली संपादक म्हणून गोमतीबाईंची सही होती, या वेळी काय आहे ते समजून केलेली. रतनसिंगांनी तोंड पाडून बसस्टँडवरचा फ्लेक्स उतरवला आणि आईच्या समोर आणून तिची खात्री पटवली. स्टाफरूममध्ये सरांनी शुद्धिपत्राचं पान टेबलावर उघडं ठेवलं आणि कोणी विचारील म्हणून दोन तास थांबले.

त्या रविवारी ते वाशिमला गाडी बदलून शिरपूरला गेले. पोरीची माफी मागायची, डबा ताब्यात घ्यायचा आणि स्वतः नेऊन दुकानात टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. गाडीत त्यांनी माफीची वाक्यंही जुळवली होती, आणि ती बरी जमली होती.

सुकेशनीच्या सेंटरबाहेर चपलांचा ढीग होता. आत तीन मशीन, आणि तिन्हींवर तोच माणूस जमिनीतून खाली पडत होता. पोट्टे एकमेकांच्या अंगावर लोळून हसत होते. मागच्या भिंतीपाशी तिचा सासरा रामधनबुवा पानाची पिशवी मांडीवर ठेवून बसला होता, आणि पहारेकरी आला की पोट्ट्यांच्या सुरात सूर मिळवून म्हणत होता, "थांबा. कृपया मरा."

सुकेशनीने सरांना बसायला दिलं. सरांनी शुद्धिपत्र पुढे केलं आणि जुळवलेल्या वाक्यांपैकी पहिलं वाक्य बोलले. तिने पान वाचलं आणि तिचा चेहरा गोंधळला.

"परत? कायले सर? म्या तं आणखी दोन डबे मागवले."

सर म्हणाले, अगं, तुझी फसवणूक झाली. 'घेऊन ये' असं छापलं होतं.

"हाव का?" तिने आठवून पाहिलं. "आमी तं 'घेऊ नये' असंच वाचलं. रतनसिंगच्या पुस्तकात शुद्धलेखन कधी बरोबर असते, सर? मनातल्या मनात सुधरून घ्या लागते."

मग घेतला काहून, असं सरांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच लहान वाटला.

"तुमी लिहिलं ते वाचून," सुकेशनी म्हणाली. "घोड्याचं शेपूट, अन् हा पडणारा. म्या घरी मोठ्यानं वाचलं तं बुवा पहिल्यांदा हसले. दुकानाच्या जाहिरातीत हे कुठं असते? खरं ते तुमच्याच पानावर असते."

एवढं म्हणून ती उठली, कारण मधल्या मशीनवर पुढच्या पोट्ट्याचा नंबर लावायचा होता. सरांनी माफीची बाकीची वाक्यं तशीच ठेवली, चहा घेतला, आणि रामधनबुवांच्या आग्रहावरून एक डाव खेळले. तिसऱ्या किल्ल्यापाशी ते पडले.

महिनाअखेरपर्यंत जिल्ह्यातून 'रणभैरव'चा एकच डबा परत आला. तो बाजड सरांचा होता. परीक्षणापुरता दिलेला असल्यामुळे तो तसाही परत करायचाच होता.