मिस्त्रींचं अर्धं राहिलेलं दार

कपड्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. सहा महिन्यांचा सुतारकामाचा कोर्स तिने पहिल्या नंबराने पूर्ण केला. वर्गात सगळे वीस वर्षांनी लहान, म्हणून तिचं नाव पडलं ताई. प्रमाणपत्र घेऊन तिने सात दुकानं पालथी घातली. आठव्या ठिकाणी मालकांनी तिच्या हातांकडे पाहून विचारलं, "डावखुऱ्या का?"

"हो."

मालक कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाले, "मग ते तुमचं."

चार महिन्यांपूर्वी त्याच टेबलापाशी, हातात पटाशी असताना, तिथले डावखुरे मिस्त्री वारले होते. तेव्हापासून त्या कोपऱ्यात कुणी फिरकत नव्हतं. ताईने त्यांचा रंधा उचलला. मुठीवर अंगठ्याने झिजून झालेला खळगा होता. तिचा अंगठा त्यात नेमका बसला.

पहिल्याच दिवशी तिला ते जाणवलं. ती रंधा मारायची, तसा मागोमाग दुसरा रंधा चालायचा. ती थांबली की तोही थांबायचा, पण एक फेरी जास्त मारून.

"पत्र्यामुळे आवाज घुमतो," पॉलिशवाले काका तिच्याकडे न बघताच म्हणाले.

"तुम्हाला येतो ऐकू?"

"मी कानात कापूस घालतो, ताई. चार महिने झाले."

तिसऱ्या आठवड्यात टेबलामागे तिला एक दार सापडलं. वरचे सांधे पक्के होते, खालची पट्टी बसायची राहिली होती. फळीवर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'मागची खोली. हिचा हट्ट.'

"त्यांच्याच घरचं आहे," मालक म्हणाले. "असं अर्धवट नेऊन द्यायचा धीर झाला नाही आम्हाला."

"मी पूर्ण करते."

आठ दिवस ती जेवणाच्या सुट्टीत दारावर खपली. आता तो आवाज तिच्या मागे नाही, पुढे चालायचा. एकदा तो मध्येच थांबला. तिने वाकून पाहिलं, तर ती लाकडाच्या रेषांच्या उलट दिशेने रंधा मारत होती. तिने फळी फिरवली आणि आवाज पुन्हा सुरू झाला. त्या संध्याकाळी बसमध्ये ती आपल्या हातांकडे एखाद्या परक्या बाईच्या हातांकडे बघावं तशी बघत राहिली.

रविवारी ती आणि काका दार घेऊन मिस्त्रींच्या घरी गेले. मागच्या खोलीच्या चौकटीला जुनी चादर लटकत होती.

"दहा वर्षं मागे लागले होते मी," मिस्त्रींच्या पत्नी, म्हणजे दुकानातल्यांच्या काकू, म्हणाल्या. "सुताराच्या घरात दार नाही म्हणून लोक दात काढायचे."

बिजागऱ्या बसल्या. काकूंनी दारावरून हात फिरवला. वरचे सांधे चाचपले, मग खाली वाकल्या.

"हे कुणी केलं?"

"खालचं मी."

"नाही हो. ही कोपऱ्यावरची तिरपी खाच त्यांचीच. प्रत्येक कामात घालायचे. शिकवली मात्र कुणालाच नाही."

ताईने पाहिलं. खाच होती, बारीक आणि स्वच्छ. आपण ती कधी मारली, हे तिला काही केल्या आठवेना.

काकू मागच्या खोलीत गेल्या आणि दार ओढून घेतलं. बाहेर दोघं हत्यारं आवरू लागली. आतून काकूंचा आवाज आला, हळू, लाडिक तक्रारीचा: "झालं एकदाचं! पण खाली जरासं घासतंय हं. बघा की."

मग आत रंध्याची एक फेरी ऐकू आली.

काकांनी पिशवी उचलली आणि जवळजवळ पळतच रस्ता गाठला. ती मागोमाग आली तसे ते म्हणाले, "ताई, मालकांना सांगून दुसरं टेबल घ्या."

तिने हात खिशात घातले.

"नको," ती म्हणाली. "अजून खूप शिकायचंय."